मायनसमामांचं दुसरं इंजेक्शन

मायनसमामांना खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतलीही बहुतेक सरकारी खुर्चीत बसलेली. बाकी अख्ख्या बाजाराला ते मायनसमामा. बर्फाच्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली आणि शून्याच्या वरचं जग त्यांनी कधी मनावर घेतलंच नाही. आज हवा काय छान गार पडलीय, असं कुणी कौतुकानं म्हटलं की मामा विचारायचे, "गार म्हणजे किती?" उत्तर शून्याच्या वरचं निघालं की लहान मुलाच्या बोबड्या बोलांना हसावं तसं हसायचे. घरच्या फ्रिजला ते फ्रिज म्हणत नसत. मामींशी बोलताना त्याचा उल्लेख 'तुझं ते कपाट' असा व्हायचा.

कारखान्यात त्यांचं राज्य म्हणजे टाकीघर. दालनाएवढी खाऱ्या पाण्याची टाकी, तिच्यात गोड्या पाण्यानं भरलेले पत्र्याचे उंच डबे ओळीनं बुडवलेले, वर लाकडी झाकणं, आणि त्या झाकणांवरूनच सगळी ये-जा. डब्यातलं पाणी गोठलं की यारीनं, म्हणजे छतावरच्या क्रेननं, अख्खी ओळ वर घ्यायची, साध्या पाण्यात जराशी बुडवायची, की लाद्या सुटून घसरत बाहेर. इथून पुढे काम हाताचं. लोखंडी आकडा लादीच्या पाठीत रुतवायचा आणि दोन माणसांच्या वजनाची ती बया एका हिसक्यात हवी तिकडे वळवायची. नवखा माणूस लादी ओढतो. मामा लादीला चालवत नेत. नाचणारीला हात धरून रंगमंचावर न्यावं तसं नेतात, असं एक ट्रकवाला म्हणाला होता. ते मामींच्या कानावर गेलं तेव्हा मामी एवढंच म्हणाल्या की आमचा हात कधी असा धरल्याचं स्मरत नाही.

मामींच्या कानावर सगळंच जायचं. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. दोन गावांना एकमेकांशी बोलायचं तर मधे ऑपरेटर लागायची, त्या काळातल्या. आयुष्यात जेवढं ऐकलं त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकं जरी बोलल्या असत्या, तरी निम्म्या शहराचे संसार उठले असते. पण त्या बोलल्या नाहीत. म्हणून तर लोक त्यांना वचकून असत.

तर अशा या मामांचे हातच धरले. सुरुवातीला सकाळी बोटं उघडेनात. मग मुठीची हाडं सुजली, मग मनगटं. मामांनी काही दिवस हातमोज्यांवर खापर फोडलं, की हल्लीचे मोजे घट्ट येतात. मोठ्या मापाचे मोजे मागवले, तेही घट्ट झाले. शेवटी एका सकाळी हातातला आकडा आपोआप निसटून लाकडी झाकणावर खणकन पडला, आणि टाकीघरातले सगळे एकदम आपापल्या कामात फार गढून गेले. एवढी कामसू मंडळी मामांनी आधी कधी पाहिली नव्हती. तेव्हा ते घाबरले.

रोगाचं निदान बाजारानं डॉक्टरच्या आधी केलं. जन्मभर बर्फात हात घातल्यावर दुसरं काय होणार? न्हावी, ट्रकवाले, मासेवाल्या, सगळ्यांचं यावर एकमत. या एकमतात एकच अडचण होती, ती म्हणजे मामांची थोरली बहीण. आक्काला हाच आजार आधीपासून होता, आणि आक्कानं जन्म काढला बेकरीच्या भट्टीसमोर. "त्याला बर्फानं झाला तर मला काय विस्तवानं झाला?" असं आक्कानं विचारलं तेव्हा बाजारानं जरा विचार केला, आणि मग ठरवलं की दोघांनी एकमेकांच्या घरी जायलाच नको होतं.

सांधेवाल्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. संधिवात आहे, पण म्हातारपणी हाडं झिजतात तो नव्हे, हा सुजवणारा. अंगातले पहारेकरी बिथरतात आणि घरातल्याच माणसांना चोर समजून बडवत सुटतात. त्यात बर्फाचा दोष नाही, भट्टीचाही नाही. बाई वयानं मामांच्या लेकीएवढ्या, आवाजानं हळू, पण सुजलेलं पेर अचूक दाबायच्या आणि मामांनी ओठ आवळले की म्हणायच्या, "इथे ना? मला वाटलंच." आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या झाल्या, त्यांच्या जोडीला दुसऱ्या झाल्या. सूज थोडी हटली, बरीचशी बसून राहिली.

इकडे कारखान्याच्या मालकानं तोंड उघडलं. मालक माणूस वाईट नव्हता, म्हणूनच त्याचं बोलणं जास्त लागलं. उन्हाळ्याचा हंगाम सुरू होईल तोवर हात सुधारले तर टाकीघर तुमचं, नाहीतर माझा भाचा सांभाळील. तुम्ही वर ऑफिसात निवांत बसा, फोन घ्या. मालकाचा भाचा लग्न झालेला, दोन पोरांचा बाप, पण टाकीघरात पाऊल टाकलं की त्याचं नाक वाहायला लागायचं. मामा घरी येऊन म्हणाले, फोन घ्यायला या घरात एक माणूस झालंय, दुसरं कशाला? पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

म्हणून डॉक्टरीणबाईंनी सुईचा विषय काढला तेव्हा मामा लगेच तयार झाले. बाई सांगत होत्या की ही औषधं वेगळ्या जातीची. बिथरलेले पहारेकरी एकमेकांना निरोप धाडतात; ही सुई त्यांतल्या एका निरोप्याला वाटेतच अडवते. एकाच निरोप्याला अडवणारी तीन-चार औषधं आहेत. एक दर आठवड्याला घरी टोचायचं, एक पंधरवड्याला, एक हॉस्पिटलात येऊन सलाईनमधून. दुसऱ्या निरोप्याला धरणारीही आहेत, ती पुढची पायरी. नव्या गोळ्याही निघाल्यात, पण मामांनी तरुणपणी ओढलेल्या सिगारेटी आणि छातीचं जुनं दुखणं बघता त्या नकोत. पहिल्या फळीतली सगळी साधारण सारख्याच ताकदीची. कुणाला कोणतं लागू पडेल ते आधी सांगता येत नाही. तेव्हा तुमचं राहणं, काम, सोय बघून आपण दोघांनी मिळून ठरवू. तुम्हाला काय वाटतं?

मामा चाट पडले. डॉक्टरनं रोग्याला विचारायचं म्हणजे काय? आपण काय भाजी घ्यायला आलोय? पण विचारलंच आहे तर मागे हटणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांचा हिशेब असा: आक्का सलाईन घ्यायची. दर दोन महिन्यांनी नटूनथटून हॉस्पिटलात जायची, शेजारच्या खुर्च्यांवरच्या बायकांच्या सुनांची सगळी बित्तंबातमी घेऊन यायची, आणि औषधानं तिला गुणही चांगला आला होता. म्हणजे सलाईन बाद. लहानपणापासून आक्कानं जे घेतलं त्याच्या उलट घ्यायचं हा मामांचा नेम होता, आणि तो एका आजारासाठी मोडण्यात अर्थ नव्हता. राहिलं आठवड्याचं की पंधरवड्याचं. जे पंधरा दिवस पुरतं त्यात दम जास्त असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. असं नसतं, ते औषध अंगात जास्त दिवस टिकतं एवढंच, असं बाई म्हणाल्या. मामांनी मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं ही त्यांच्या लेखी दोन वेगळी कामं होती.

बाईंनी आणखी दोन गोष्टी विचारल्या. या औषधानं पहारा थोडा ढिला पडतो, तेव्हा अंगावर जखमा, वारंवार होणारे संसर्ग असं काही? क्षयाची, काविळीची तपासणी स्वच्छ आलीय, पण बाकी काही? मामा म्हणाले, हात आरशासारखे स्वच्छ. खरं तर आकड्यानं आणि करवतीनं कुठे ना कुठे कापलेलं असायचंच, पण कापलेलं सांगितलं तर सुई नाकारतील ही भीती. म्हणून त्यांनी हात मांडीखाली घेतले. दुसरा प्रश्न, औषध थंड ठेवावं लागेल, त्याची सोय? यावर मामा खुर्चीत मागे रेलले.

"बाई, थंडीची काळजी तुम्ही मला सांगता?"

बाई हसल्या, मामीही हसल्या. बर्फाच्या कारखान्यातल्या माणसाला हे विचारणं म्हणजे कोळ्याला पोहता येतं का विचारण्यासारखं, असं तिथे बसलेल्या सगळ्यांनाच वाटलं. घोटाळा झाला तो तिथेच, सगळे हसत असताना.

पेनासारखी दिसणारी ती इंजेक्शनं आली. मामी फ्रिजचा मधला कप्पा रिकामा करायला उठल्या, तर मामांनी खोकं छातीशी धरलं. तुझ्या त्या कपाटाचं दार दिवसातून शंभर वेळा उघडतं, आत वरणाच्या पातेल्याशेजारी माझं औषध? खोक्यावर लिहिलं होतं, दोन ते आठ अंशांत ठेवा. मामांनी ते वाचलं आणि त्यांना दया आली. दोन ते आठ म्हणजे त्यांच्या भाषेत उन्हाळा. बिचाऱ्या लोकांच्या घरी याहून जास्त जमत नाही, म्हणून छापलं असणार. त्यांनी खोकं उचललं आणि कारखान्यात तयार लाद्या ठेवायच्या कोठीत, सगळ्यात आतल्या फळीवर, पहिल्या प्रतीच्या लाद्यांच्या मागे नेऊन ठेवलं. तिथे उणे दहा. तिथे ठेवलेलं काही नासल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

पंधरवड्याचा दिवस आला की मामा एक पेन खिशात घालून घरी यायचे. आतलं गोठलेलं औषध सुटेपर्यंत ते टेबलावर ठेवायचे. मामांच्या अंगठ्यात पेन दाबायची ताकद नव्हती, म्हणून मामी मांडीला लावून दाबायच्या, खटका वाजायचा, पेनाच्या छोट्या खिडकीत पिवळी खूण दिसायची. औषध पाण्यासारखं नितळ. शंका यायचं कारणच नव्हतं. आणि मामा मोठ्या विश्वासानं गुणाची वाट पाहायला लागायचे.

गुण काही येईना. एक महिना गेला, दुसरा गेला. आक्का फोनवर विचारायची, काय रे, पंधरा दिवसांच्या दमाचं काय झालं? मामा सांगायचे, हळूहळू येतोय. तिसऱ्या महिन्यानंतर डॉक्टरीणबाईंनी पेरं दाबली, रक्ताचे आकडे बघितले आणि म्हणाल्या, हे तुम्हाला लागू पडत नाहीये. आता या फळीत वेळ घालवायला नको, दुसऱ्या निरोप्याकडे वळू. पुढच्या आठवड्यात या, तोवर मी तयारी करते. मामा घरी येताना म्हणाले, औषधातच राम नव्हता. मामींनी हूं केलं. टेलिफोनवाल्यांच्या 'हूं'ला अर्थ नसतो. तो फक्त लाइन चालू असल्याचा आवाज.

आणि मग, त्याच आठवड्यात, एक मासेवाली आली.

तिनं आदल्या दिवशी उरलेली पाटी मालकाच्या भाच्याशी गोड बोलून रात्रभर लाद्यांच्या कोठीत ठेवली होती. सकाळी पाटी बाहेर काढून दुकानात मांडली, ऊन वर आलं, आणि मासा असा मऊ पडला की गिऱ्हाइकानं बोट लावलं तर बोट आत. ती तावातावानं कारखान्यात आली, की तुमच्या कोठीत काहीतरी बिघाड आहे. कोठीला नावं ठेवलेली मामांना कशी खपणार? ते झाकणांवरून तरातरा चालत आले आणि सगळ्यांदेखत तिची शाळा घ्यायला लागले.

"अगं, मासा बर्फावर ठेवायचा असतो, त्याचा बर्फ करायचा नसतो. त्याच्या अंगात पाणी असतं की नाही? ते गोठलं की त्याच्या सुया होतात आणि आतलं सगळं फाडून ठेवतात. वरून दिसतो तस्साच. पण सुटला की चिंधी. गार वेगळं आणि गोठलेलं वेगळं, एवढं इतक्या वर्षांत..."

वाक्य तिथेच लटकलं. मासेवाली उत्तर द्यायला कंबर कसून उभी होती, ती तशीच राहिली. मामांचं तोंड उघडं, हात अर्ध्यावर. मग ते वळले आणि कोठीकडे चालू लागले. मासेवालीनं नंतर बाजारात सांगितलं की मी असं सुनावलं, असं सुनावलं, की मायनसमामांची बोबडीच वळली. खरं तर तिला सुनावायची संधीच मिळाली नव्हती, पण बाजारात असल्या बारीकसारीक तपशिलाला कोण विचारतो.

कोठीत मामांनी लाद्यांच्या मागून खोकं काढलं. आत एकच पेन उरलेलं. त्यांनी दिव्याखाली धरून खोक्याची बाजू वाचली. 'गोठवू नये. गोठल्यास वापरू नये.' ही ओळ त्यांनी पहिल्या दिवशीही वाचली होती. पण दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकावं तशी वाचली होती. आपल्याला उद्देशून कुणी काही बोलतंय असं त्यांना तेव्हा वाटलंच नव्हतं.

घरी आले ते गप्प. चहा गप्प, बातम्या गप्प. मामींनी थोडा वेळ जाऊ दिला. मग चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "लाइन चालू आहे, पण पलीकडून कुणी बोलत नाहीये, असं वाटतंय मला."

मामांनी सांगून टाकलं. मामींनी नीट ऐकून घेतलं, एक सुरकुती हलू दिली नाही, मग पाणी आणते म्हणून आत गेल्या आणि नळ बराच वेळ चालू राहिला. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. ते हसण्यानं की रडण्यानं हे विचारायचं धाडस मामांनी केलं नाही.

मग मामांनी आपला बेत मांडला. बेत तसा बिनतोड होता. डॉक्टरीणबाई दुसरं औषध देणारच आहेत. ते नीट ठेवू, मधल्या कप्प्यात ठेवू, वरणाच्या शेजारी ठेवू, तू म्हणशील तसं. मग जुन्याबद्दल तोंड उघडायची गरजच काय? औषध लागू पडलं नाही एवढं खरंच आहे. बाजाराला कळलं तर? आक्काला कळलं तर? ती तर मरेपर्यंत पुरवून पुरवून सांगेल.

"तुम्ही चुकीचा नंबर फिरवला," मामी म्हणाल्या, "आणि आता सांगताय, तो माणूस घरी नव्हता. त्याच्या दारावर कायमची फुली मारणार तुम्ही. उद्या बाकीचे सगळे नंबर लागेनासे झाले, आणि तोच एक उचलणारा असला, तर?"

मामा म्हणाले की तशी वेळ कशाला येईल. मामी म्हणाल्या, नाही येणार बहुतेक. पण हात तुमचे आहेत, आणि बाईंना खोट्या माहितीवर निवड करायला लावायची असेल तर त्यापेक्षा न्हाव्यालाच विचारा, तो फुकटात सांगेल.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंसमोर बसल्यावर मामांनी उरलेलं पेन टेबलावर ठेवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. कोठी, फळी, उणे दहा. त्यांना वाटलं होतं बाई हसतील किंवा ओरडतील. बाई दोन्हीतलं काही न करता पेन उजेडात धरून बघत राहिल्या.

"हे औषध म्हणजे घडी घातलेल्या नाजूक कापडासारखं असतं, मामा. गोठलं की घडी विस्कटते. पुन्हा सुटलं तरी ती घडी परत बसत नाही. दिसायला पाणी, उपयोगाला शून्य."

"शून्याच्याही खाली," मामा म्हणाले.

तेव्हा मात्र त्या हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, चूक अर्धी माझी. किती अंशांत ठेवणार, असा आकडा मी विचारायला हवा होता. तुमचा धंदा ऐकला आणि निर्धास्त झाले. आता ऐका. मी जे ठरवून बसले होते ते रद्द. पहिली फळी वाया गेलेली नाही, ती अजून वापरलीच गेली नाही. आता पुन्हा निवडू, या वेळी नीट.

आणि या वेळी मामांनी खरंच ऐकलं. पंधरवड्याचंच औषध पुन्हा, नीट ठेवून, घेता येईल. पण एक बारीक शंका आहे. विस्कटलेलं औषध तीन महिने अंगात गेलंय. शरीरानं त्याचा चेहरा ओळखून त्याच्याशी वैर धरलं असेल, तर चांगलं औषधही ते परतवून लावील. असेलच असं नाही. सलाईन घेतली तर औषध ठेवायची जबाबदारी हॉस्पिटलची. हे ऐकताना मामींनी मामांकडे बघितलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. आठवड्याचं औषध अडवतं त्याच निरोप्याला, पण त्याची घडण वेगळी. जुनं वैर असलंच तर ते त्याला बाधायचं नाही. आणि ते अंगातून लवकर उतरतं. म्हणून टोचावं लागतं दर आठवड्याला, पण ताप आला, काही पिकलं, तर थांबवल्यावर पहारा लवकर पूर्ववत होतो.

मामांचे हात या वेळीही मांडीखाली होते. मग त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, तळवे वर. अंगठ्याखाली आकड्याची जुनी खोक, तर्जनीवर करवतीची ताजी, करंगळीला पट्टी. मागच्या वेळी हेही सांगितलं नव्हतं, ते म्हणाले. आमच्याकडे हात सतत ओले आणि कुठेतरी कापलेले. हंगामात तर रोजचंच.

बाईंनी हात उलटसुलट करून बघितले. "मग तुम्हाला काय वाटतं?"

तोच प्रश्न, त्याच खुर्चीत. मामांनी आक्काचा विचार केला, पंधरा दिवसांच्या दमाचा केला, आणि दोन्ही बाजूला सारले.

"आठवड्याचं द्या. हात कापणारच आहे. कापला आणि लाल झाला तर ज्याला चटकन थांबवता येईल असंच घोडं मला पाहिजे. सुई काय, बावन्न वेळा टोचली काय आणि सव्वीस वेळा टोचली काय, मी ती बघतच नाही; हिच्या तोंडाकडे बघतो. आणि औषध हिच्याकडे. मी त्या खोक्याला हातसुद्धा लावणार नाही."

बाई म्हणाल्या, मीही हेच सुचवणार होते, पण तुमच्या तोंडून आलं ते बरं झालं. हंगामाचं मात्र त्यांनी खोटं आश्वासन दिलं नाही. गुण यायला काही आठवडे लागतात, कधी तीन महिने. उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी तुम्ही आकडा धराल असं मी म्हणणार नाही.

तसंच झालं. हंगाम उघडला आणि टाकीघर भाच्याकडे गेलं. मामा वर ऑफिसात. फोन घेण्यात ते भलतेच कच्चे निघाले. गिऱ्हाईक म्हणायचं वीस लाद्या पाठवा, आणि मामा विचारायचे, कशाला हव्यात, मासा किती आहे, बारा पुरतील. मालकानं कपाळाला हात लावला. इकडे मामींनी आक्काला सगळी हकीकत सांगितली, कारण घरचं माणूस आहे, आणि आक्कानं ती हॉस्पिटलातल्या खुर्च्यांवर सांगितली, कारण तिथे गोष्टीला गोष्ट द्यावीच लागते. तिथून बाजारात यायला त्या हकीकतीला किती वेळ लागला असेल, ते वाचकांनीच ताडावं. आक्का भावाला भेटायला आली ती दारातूनच हसत आली, सोफ्यावर बसून हसली, हसता हसता तिची कवळी ओघळली. मग डोळे पुसून म्हणाली, अरे गाढवा, मी माझी सलाईन सोडून तुझ्या पंधरा दिवसांच्या दमावर जाणार होते, तुला एवढा विश्वास होता म्हणून. आणि ती ते खरंच बोलत होती.

चौथ्या-पाचव्या सुईनंतर सकाळी बोटं जरा लवकर उघडायला लागली. मधे एकदा तर्जनी लाल होऊन ठणकली. मामांनी बाईंना फोन केला, सुई थांबवली, जखम भरली, पुन्हा सुरू केली. मनगटाची सूज उतरली, मग डाव्या मुठीची, सगळ्यात शेवटी उजवीची. बाईंनी एके दिवशी पेरं दाबली आणि म्हणाल्या, इथे? मामा म्हणाले, नाही. इथे? नाही. बाई म्हणाल्या, मग कुठे तरी सांगा, मला लिहायला काही नाही. उजव्या हाताचं एक पेर अजून थोडं अडायचं. ते असंच अडत राहील असं दिसतंय, असं त्यांनी सांगितलं, आणि मामांनी ते मान्य केलं.

हंगाम अर्ध्यावर असताना मामा ऑफिसाचा जिना उतरून टाकीघरात आले. भाच्यानं त्यांना बघितलं आणि आकडा इतक्या तत्परतेनं पुढे केला की त्याच्या मनातलं प्रेम लपेना. बिचाऱ्याचं नाक हंगामभर वाहिलं होतं. बाहेर धक्क्याला तीन ट्रक लागलेले. ट्रकवाले, हमाल, दोन मासेवाल्या, सगळे मामांकडे असे बघत होते की कुणीतरी सुरुवात करावी. शेवटी एका ट्रकवाल्यानं साळसूदपणे विचारलं, "मामा, औषध किती डिग्रीत ठेवतात हो?"

"दोन ते आठ," मामा म्हणाले. "मी उणे दहात ठेवलं होतं. तीन महिने गोठवून गोठवून टोचून घेतलं, दुसऱ्या कुणी नाही, मीच. आणखी कुणाला काही विचारायचंय? नसेल तर गाडी मागे घे, लादी येतेय."

आणि ट्रकवाला हसत हसत गाडी मागे घ्यायला लागला.